कलम सातवे

नाव टायग लालोर. आमच्या पागेत त्याचा लालराव झाला.
दाढी तांबडी होतीच, म्हणून कुणी फिरून विचारलं नाही.
फक्त तांबट आळीतला रंगोबा एकदा म्हणाला,
पंत, हा धातू आपल्याकडचा नाही,
पण ठोकला की नाद बरा देतो.

त्याचा मुलूख एक बेट. तिथे
चिखल कापून वाळवतात आणि चुलीत घालतात.
आनंदवल्लीच्या वाटेवर गोवऱ्यांचा धूर आला
की घोडं थांबवायचा.
चला म्हटलं तर म्हणायचा, चला.
हलायचा नाही.

बंड मोडल्यावर दोघा भावांना विचारलं होतं,
फास की फौज.
याने फौज म्हटलं. भाऊ काही बोललाच नाही.
कंपनीचा लाल डगला कोणत्या रात्री नदीत सोडला,
ते त्याने सांगितलं नाही, मी काढलं नाही.

सरदारांनी त्याला आधी तोफांवर घेतलं, मग वकिलीवर.
फार्सी मोडकी, मराठी आमच्यापेक्षा सावकाश,
पण शिवेच्या तंट्यात माणूस असावा तर असा:
ओढा कुठून वळवला, बांध किती हात सरकला,
नुसतं चालून सांगे.
ज्याचं शेत दुसऱ्याच्या नकाशात गेलं
त्याला रेघ लांबून दिसते.

तहाचा डेरा सोमेश्वराच्या अलीकडे पडला.
धबधब्याचा आवाज असा की कलमं ओरडून सांगावी लागत.
कंपनीचा कप्तान तापाने पिवळा, हातात लिंबाची फोड.
सहा कलमं सुरळीत गेली. तोफा अमक्या, दाणागोटा तमका,
बायकापोरांना वाट.
सातवं लालरावाने इंग्रजीतून मराठीत केलं,
शब्दाला शब्द, नेहमीसारखं:
"सरदारांच्या चाकरीत फितूर टोपीकर असतील
ते तीन दिवसांत स्वाधीन करावेत."
माझा बोरू थांबला.
"लिहा, पंत," तो म्हणाला, "शाई वाळते."

लिहिलं. बोरूला काय.

मग तो कप्तानाशी बोलला.
इंग्रजी नव्हे, फार्सी नव्हे. फिरंगी मी ऐकली आहे, तीही नव्हे.
घशातून येणारं काहीतरी, दगडाखालच्या पाण्यासारखं.
कप्तानाने फोड खाली ठेवली,
त्याच बोलीत एक शब्द परत दिला, एकच,
लहानपणी दाईकडून उचललेला असावा,
आणि लगेच इकडेतिकडे पाहिलं,
जणू भर कचेरीत अंगरख्याचा बंद सुटला.
रोजनाम्यात मी टाकलं: इतर बोलणे झाले.

तिसऱ्या दिवशी यादी मागितली.
टोपीकर चाकर: नाव, उंची, खुणा.
चाळीस वर्षं मी दफ्तरात. पायलीभर दाणे
इकडचे तिकडे केले नाहीत. बापाचं देणंदेखील
याच हाताने मांडलं, व्याजासकट.
त्या रात्री समईत तेल घातलं, कागद सरळ केला
आणि मथळ्याखाली लिहिलं: कोणी नाही.

लालराव खांद्यावरून वाचत होता.
मोडी माझ्याच हाताखाली शिकलेला, अक्षर लावून लावून:
"को णी ना ही."
जरा थांबला. "कोणाचा नाही, असं हवं होतं."
मग म्हणाला, "असू द्या. खोडलं तर संशय येईल."

कप्तानाने यादी पाहिली. मग त्याला पाहिलं,
बराच वेळ.
वाळू झटकली. सही केली.

जो यादीत नाही त्याला पगार कुठून?
सरदार पेन्शनीत निघाले, पागा मोडली, वकिली कुणाची करणार.
हल्ली रंगोबाच्या भात्यावर बसतो.
कल्हईच्या हंड्यांत त्याची दाढी
उलटी, लांबट, अधिकच तांबडी दिसते.
गिऱ्हाईक विचारतं, हा कोण?
रंगोबा सांगतो, आमचा माणूस आहे, भांडं किती शेराचं?

संध्याकाळी पलीकडच्या काठी गोवऱ्या पेटतात.
भाता थांबतो. निखारा काळा पडतो.
रंगोबा शिव्या घालतो, तांबं वाया जातं,
तो म्हणतो, हो, हो,
आणि तसाच बसून राहतो.
बहुत काय लिहिणे.